टाकीखालची गाठ

भर बाजारात मला चोर म्हणणाऱ्या माणसाच्या हाताखाली मी त्याआधी दीड वर्ष काम केलं होतं. एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. मालवणात तेव्हा मोटारसायकली इतक्या थोड्या, की नुसत्या आवाजावरून कोण चाललंय ते घरात बसून कळायचं. बाजारपेठेतून बंदराकडे उतरताना डाव्या हाताला त्याचं, म्हणजे मेस्त्रीचं, दुकान होतं. मूळचा तो मासेमारी करणाऱ्या घरातला. लढाईच्या काळात मुंबईला गोदीत राहून काहीबाही शिकला आणि परत येऊन त्याने गावातलं पहिलं मोटारदुरुस्तीचं दुकान घातलं. लॉरी, भाताची गिरण, शिवणयंत्र, सगळं त्याच्याकडे जायचं, कारण जायला दुसरी जागाच नव्हती.

मी पाच वर्षं सैन्याच्या वर्कशॉपमध्ये काढून घरी परतलो होतो. वायरिंगचं काम मी तिथे शिकलो. वायर तुटली तर नुसती पिळून जोडायची नाही, कथील वितळवून जोडाला त्याचा डाग द्यायचा, हे आमच्या हवालदाराने माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवलं होतं. मेस्त्रीला ते आवडत नसे. तो वायरी पिळायचा आणि वरून जाळ्याचं सूत गुंडाळून गाठ मारायचा. वडिलांच्या होडीवर लहानपणापासून जाळी शिवलेली, त्यामुळे त्याची गाठ पाहत राहावी अशी बसायची. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेलं लालसर सूत, त्यावर लाखेचा हात. एकदा मी डाग देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सैन्यातला शानपण हंय नको. माझी गाठ दर्यात सुटत नाय, ती तुझ्या बॅटरीन सुटतली?"

त्यानंतर मी विचारलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत डॉक्टरांची मोटारसायकल होती. डॉक्टर घाटावरचे. बाजारात त्यांचा दवाखाना होता आणि दुपारी ते कट्टा, चौके या गावांत आणि आसपासच्या वाड्यांवर रोगी बघायला जात. त्यांची गाडी लढाईत वापरलेली, सैन्याने विकून टाकलेली विलायती गाडी. तिला एक विचित्र खोड लागली होती. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची. सहा-सात मैल नीट चालायची. डॉक्टर कुणाच्या तरी अंगणात गाडी उभी करून आत जायचे, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यायचे, की गाडी मेलेली. किक मारून मारून पायाला गोळे येत. मग तासाभराने, काही न करता, ती आपली आपण सुरू व्हायची. आणि असं रोज व्हायचं नाही. कधी आठवडाभर काहीच नाही, कधी लागोपाठ दोन दिवस.

ढकलत किंवा लॉरीच्या मागे बांधून गाडी दुकानात पोचेपर्यंत ती थंड झालेली असे. मेस्त्री एक किक मारायचा आणि गाडी चालू. "माझ्याकडे इली की चलता बगा," तो म्हणायचा. तरी त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला, पेट्रोलची नळी बदलली. बॅटरी ठणठणीत होती, कारण भोंगा वाजत होता आणि दिवा लागत होता.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर चिडून आले. तो बाजाराचा दिवस होता. सोमवारी आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांची माणसं मालवणात उतरत. डॉक्टर दुकानाच्या पायरीपाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी गाडी कुडाळला नेतो."

मेस्त्रीने हात पुसले. त्याने आधी गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्या वेळात त्याने ठरवलं असणार.

"डॉक्टरांनू, माझ्या कामात खोट नाय," तो म्हणाला. "तुमच्या गाडीची कॉइल कोणी तरी बदलल्यान हा. असली काढून भंगारातली बसयल्यान. दुकानात हात घालणारे आमी दोगच. मी माझ्या गिऱ्हाइकाची वस्तू इकूचंय नाय. आता तुमीच समजा."

"मेस्त्रीनू, मी कॉइलीक हात लावलंय नाय," मी म्हटलं.

"चोर आपणाक चोर म्हणता काय कधी?" असं म्हणून त्याने खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि रस्त्यावर टाकली. माझे पाने, माझा पितळी डबा, सगळं मातीत पसरलं. डब्याचं झाकण उतारावरून बंदराच्या दिशेने घरंगळत गेलं. मी ते आणायला धावलो. लोक बाजूला झाले, पण कुणी वाकून ते अडवलं नाही. मी झाकण उचलून परत आलो तेव्हा मेस्त्री पुन्हा कामाला लागला होता.

मी एकटा असतो तर कदाचित मुंबईला निघून गेलो असतो. पण माझे वडील बंदरावरच्या एका शेटच्या वखारीत होते. सुकं खोबरं, मीठ, कौलं, गलबतातून येईल तो माल. वखारीच्या सात चाव्यांचा जुडगा बावीस वर्षं त्यांच्या कमरेला होता. बुधवारी शेटने त्यांना बोलावलं. आवाज चढवला नाही, माझं नावही काढलं नाही. "आता तुमचा वय झाला. जुडगो माझ्याकडे ऱ्हवांदे, तुमी नुसते येवन बसा," एवढंच बोलला. वडील घरी आले, जेवले आणि ओटीवर बसून राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस चालताना त्यांचा उजवा हात कमरेकडे जायचा आणि तिथे काही नाही हे कळल्यावर खाली यायचा.

आई म्हणाली, "देवळात जावन गाराणा घाल. देव बगीत तेका."

मी म्हटलं, "देवाक देवचंय नाय. ह्या माझा काम."

मला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. पहिली मला आधीच ठाऊक होती. डॉक्टरांच्या गाडीची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा भाग, ज्या पट्टीने बसवलेली होती, तिच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचांत सैन्याचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. त्या खाचेत कुणी एकदा जरी स्क्रूड्रायव्हर घातला असता तरी तो रंग उडाला असता. म्हणजे गाडी सैन्यातून आल्यापासून कॉइल कुणी काढलीच नव्हती. मेस्त्रीने ती पट्टी माझ्याइतकीच जवळून पाहिली होती. तो चुकला नव्हता, तो खोटं बोलला होता. पण रंगाची गोष्ट मी बाजारात सांगितली असती तर लोकांनी ऐकून घेतली असती आणि चोर हुशार असतात म्हणून सोडून दिली असती. गाडीचं खरं दुखणं काढून दाखवल्याशिवाय माझ्या बोलण्याला किंमत नव्हती.

आमचं घर गावाबाहेर, कुंभारमाठच्या चढावर, चौक्याकडून येणाऱ्या रस्त्याला लागून. आमच्या शेजारी एक म्हातारी अंथरुणाला खिळून होती. दर गुरुवारी वाड्यांवरून परतताना डॉक्टर तिला इंजेक्शन द्यायला थांबत. म्हणजे गाडी सात मैल तापून आमच्या दारात उभी राहणार. मी सहा व्होल्टचा एक बारका दिवा घेतला, त्याला दोन वायरी डाग देऊन जोडल्या, वायरींच्या टोकाला सुया बसवल्या. एक टोक गाडीच्या लोखंडाला, दुसरं वायरीला. वीज येत असेल तर दिवा लागतो, नसेल तर नाही. एवढंच हत्यार.

पहिल्या गुरुवारी गाडी मुकाट सुरू झाली. दुसऱ्या गुरुवारी ती बंद पडली, पण मी घरातून दिवा घेऊन येईतो डॉक्टरांच्या पुढच्या किकला सुरू झाली. मी घरी जाऊन दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने लिहून ठेवू लागलो: ऊन किती, गाडी किती लांबून आली, किती वेळ उभी होती. मग एक गोष्ट लक्षात आली. धावताना ती कधीच मरत नव्हती. धावत्या गाडीला वारा लागतो. उभी राहिली की तापलेल्या इंजिनाची सगळी धग वर टाकीखाली कोंडते. म्हणजे दुखणं टाकीखाली होतं.

चौथ्या गुरुवारी डॉक्टर म्हातारीकडून बाहेर आले, दहा-बारा किका मारल्या आणि कपाळावरचा घाम पुसत उभे राहिले. मी अंगणाच्या दगडी गडग्यावरून उतरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी आठवत होतो.

"बघू का डॉक्टर?" मी विचारलं. "दुकानात न्यायची गरज नाही."

ते गाडीपासून बाजूला झाले. मग म्हणाले, "बघ. याहून काय वाईट होणार."

मी सुई स्विचपाशी लावली. दिवा लागला. कॉइलपाशी लावली. लागला नाही. स्विचपर्यंत वीज येत होती, कॉइलपर्यंत पोचत नव्हती, आणि या दोन जागांच्या मधली वायर टाकीखालून जात होती. मी टाकीच्या खाली बोटं सरकवली. गरम होतं, चटका बसला. बोटाला आधी वायर लागली आणि मग एक जाडसर गाठ. मी ती चिमटीत दाबली. दुसऱ्या हातातला दिवा लागला. सोडली, विझला.

न बघता मला कळलं की ती कुणाची गाठ आहे. मी नोकरीला लागायच्या आधी कधी तरी मेस्त्रीने तिथली तुटलेली वायर पिळून, सूत गुंडाळून जोडली होती. खारी हवा आत शिरली, तांब्याला हिरवा कळंक चढला, आणि आता धगीने तार जराशी सैल झाली की वीज तुटायची, थंड झाली की पुन्हा जुळायची. जी गाठ दर्यात सुटत नाही ती.

डॉक्टर माझ्या मागे उभे होते. मी नुसतं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, शाबास, आणि मेस्त्रीकडे जाऊन दोन शब्द बोलले असते. चार भिंतींच्या आत. मला भिंती नको होत्या. मला सोमवार हवा होता, तीच पायरी, तेच लोक, आणि बंदरावरचा तो शेट.

मी गाठ पुन्हा चिमटीत घट्ट दाबून वळवली, हात बाहेर काढला आणि म्हटलं, "पेट्रोलात कचरा होता. मारा किक."

गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्यानंतर तीन सोमवार मी बाजारात हिंडलो, खिशात दिवा आणि वायरींची टोकं आवळायची पितळेची एक जोडपट्टी घेऊन. तिन्ही सोमवारी गाडी नीट चालली. मधल्या दोन्ही गुरुवारी ती म्हातारीच्या दारात मेली आणि दोन्ही वेळा मी तीच चिमटी मारून, तोच कचरा सांगून ती सुरू करून दिली.

आणि मग ते घडलं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मासेमारी करणाऱ्या एका खारव्याच्या हातात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. शिंगाळा जाळ्यातून काढताना असं नेहमी होतं, पण याचा हात सुजला. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि सांगितलं, "दुपारी कट्ट्याहून परत आलो की हात फाडून पू काढू. इथेच थांब." तो दवाखान्याच्या बाकावर थांबला. कट्ट्याला गाडी मेली. या वेळी ती गार झाली तरी सुरू झाली नाही, कारण गाठ आता फारच सैल झाली होती. शेवटची एस.टी. निघून गेली होती. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. तोवर त्या माणसाची दोन बोटं काळी पडली होती. त्याला बेळगावला नेलं आणि ती कापावी लागली.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात होतो. आईच्या औषधाचं निमित्त काढून गेलो होतो. डॉक्टर कंपाउंडरला म्हणत होते, "काल दुपारी आलो असतो तर वाचली असती रे. नुसता पू काढायचा होता."

मी औषध घेतलं आणि घरी आलो. सोमवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी दहा वेळा दवाखान्यात जाऊन सांगू शकलो असतो. लॉरीने ओढून आणलेली गाडी मेस्त्रीने कुठे तरी हलवून पुन्हा सुरू करून दिली होती, आणि डॉक्टर तीच गाडी घेऊन पुन्हा वाड्यांवर जात होते. मी नाही गेलो. मी वडिलांच्या कमरेकडे जाणारा तो हात बघत बसलो आणि स्वतःला सांगत राहिलो की चार दिवसांत काही होत नाही. या वेळी खरंच काही झालं नाही.

सोमवारी दहाच्या सुमारास डॉक्टर चौक्याचा एक तातडीचा रोगी बघून आले, गाडी दवाखान्यासमोर उन्हात लावली आणि आत गेले. मी समोरच्या पानाच्या दुकानाशी उभा होतो. पाव तासाने ते बॅग घेऊन बाहेर आले. किक मारली. गाडी मुकी. त्यांनी कंपाउंडरला मेस्त्रीकडे पाठवलं.

मेस्त्री पाने घेऊन आला. माणसं जमायला लागली. त्याने प्लग काढला, बघितला, मग मान हलवली.

"सांगितलेलंय तुमका," तो म्हणाला. "चोरान बसयलेली कॉइल. ती आता कायमची गेली. नवीन मुंबैसून मागवूक होयी."

मी गर्दीतून पुढे झालो. "मेस्त्रीनू, कॉइल बरी आसा."

तो वळला. "तू हंय कित्याक?"

"गाडी चालू करूक."

"डॉक्टरांनू, ह्याका हात लावूक देव नका. उरलासुरला पण न्हेतलो."

डॉक्टर म्हणाले, "लावू दे त्याला हात. माझी गाडी आहे."

मी घाई केली नाही. इतके दिवस याचसाठी थांबलो होतो. आधी मी डॉक्टरांना वाकून कॉइलच्या पट्टीचे स्क्रू बघायला लावले. "खाचेत रंग दिसतो?" दिसतो, ते म्हणाले. "हा सैन्यातला रंग. स्क्रू फिरला असता तर राहिला असता?" त्यांनी मेस्त्रीकडे पाहिलं आणि नाही म्हणाले. मी तेच बघायला आणखी दोघांना बोलावलं. मग दिवा काढला. स्विचपाशी लागला, कॉइलपाशी नाही. पुन्हा लावून दाखवला, सगळ्यांना दिसेल असा. त्यानंतर टाकीचे नट सोडले आणि दोघांकडून टाकी उचलून धरली.

खाली ती गाठ होती. लाखेने काळी पडलेली, पण मधलं सूत अजून लालसर.

बंदराच्या वाटेवर बसून जाळी विणणारा एक म्हातारा गर्दीत होता. मी त्याला पुढे बोलावलं. "आजोबा, ह्या काय आसा ता जरा सांगा."

म्हातारा वाकला, नखाने सूत खरवडलं, वासही घेतला. "जाळ्याचा सूत," तो म्हणाला. "ऐनात बुडयलेला. गाठ जाळ्याचीच."

"मोटारीच्या वायरीक अशी गाठ कोण मारता मालवणात?"

म्हातारा सरळ झाला. त्याने मेस्त्रीकडे पाहिलं. त्याला बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण मी हललो नाही, आणि गर्दीही हलली नाही.

"हेचीच गाठ ही," तो शेवटी म्हणाला. "हेच्या बापाशीची पण अशीच."

मी सूत कापलं. आतल्या तारा हिरव्या झाल्या होत्या आणि बोट लावताच एकमेकींपासून सुटल्या. मी त्या घासून पितळेच्या जोडपट्टीत आवळल्या, टाकी बसवली आणि डॉक्टरांना म्हटलं, "मारा." एका किकला गाडी सुरू झाली.

मेस्त्री पाने गोळा करायला लागला. मी त्याचा दंड धरला. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता.

"खंय चललात? बंदरार जावचा आसा," मी म्हटलं.

मी त्याला धरून उतारावरून वखारीत नेलं. मागून पन्नासेक माणसं आली. शेट गादीवर होता. वडील दाराशी स्टुलावर बसले होते, आम्हाला बघून ते उभे राहिले.

"सांगा," मी मेस्त्रीला म्हटलं.

मेस्त्री जमिनीकडे बघून पुटपुटला, "कॉइल बदलूक नव्हती. माझी चूक झाली."

"ऐकाक येवक नाय. आणि चूक न्हय. काय ता नीट सांगा."

"मी खोटा सांगितलंय," तो मोठ्याने म्हणाला. "हेणा काय चोरल्यान नाय."

मला वाटलं होतं वडील माझ्याकडे बघतील. ते बघत होते मेस्त्रीकडे, आणि मग त्यांनी मानच फिरवली. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "एकदा सांगितल्यान ता पुरा होता. दोनदा कित्याक सांगूक लायलंस?"

"तुमचो हात कमरेकडे कितीदा गेलो ता बगलंय म्हणान," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी शेटने जुडगा घरी पाठवला. वडिलांनी तो कमरेला लावला आणि आणखी तीन वर्षं वखार सांभाळली.

माझं एवढ्यावर भागलं नाही. मी मेस्त्रीच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे एक गाळा घेतला आणि फळीवर रंगवून घेतलं: इथे वायरींच्या जोडाला डाग देऊन मिळेल. जागा दुसरीकडे मिळत होती. मला तीच हवी होती, म्हणजे त्याला दिवसभर माझं दुकान दिसेल आणि आपलं गिऱ्हाईक कुठे चाललंय ते दिसेल. आधी लॉरीवाले आले, मग गिरणवाले. एखादा जुन्या ओळखीने त्याच्याकडे वळायला लागला की मी इथूनच हाक मारून त्याची खुशाली विचारायचो. दीड वर्षात मेस्त्रीचं दुकान बंद झालं. त्याने सामान विकायला काढलं तेव्हा त्याचा मोठा शेगडा मी घेतला, लोखंड आवळून धरायचा. माझ्याकडे त्याहून चांगला होता. तरी हा मी दुकानाच्या पुढच्या बाजूला ठोकला, येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखू यावा असा.

डॉक्टर मात्र माझ्याकडे फार दिवस येत राहिले नाहीत. पहिले दोन-तीन महिने आले. मग एकदा गाडीचं तेल बदलताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या म्हातारीच्या दारात तू तीनदा गाडी सुरू करून दिलीस. कचरा म्हणालास. तेव्हा तुला कळलं नव्हतं?"

मी हातातल्या पान्याकडे बघत म्हटलं, "नाही."

त्यांच्या डोक्यात कुठला बुधवार आला असेल ते मला ठाऊक होतं. "बरं," ते म्हणाले. पुढच्या वेळेपासून ते गाडी कुडाळला नेऊ लागले. माझ्या दारावरूनच जायचे. मी हात करायचो, तेही करायचे. तो खारवी पुढे होडीला इंजिन बसवल्यावर माझ्याकडे येऊ लागला. गावभर माझी तारीफ करायचा, की ह्याने मेस्त्रीची लबाडी उघडी पाडली. उरलेल्या तीन बोटांनी चहाचा पेला धरून तो माझ्या समोर बसायचा, आणि तो उठून जाईपर्यंत मी त्याच्या इंजिनातून डोकं वर काढायचो नाही.

मेस्त्री मालवण सोडून मुलीकडे, घाटावर जायला निघाला, तो दिवस मला कुणीतरी आधीच सांगितला होता. मी दुकान बंद करून एस.टी. स्टँडवर गेलो. निरोप द्यायला नाही. तो जाताना मला बघायचा होता, आणि मी बघतोय हे त्याने बघायला हवं होतं. तो बायकोबरोबर बाकावर बसला होता, पायाशी एक ट्रंक आणि नारळांचं पोतं. मी समोर खांबाला टेकून उभा राहिलो. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. गाडी लागली, बायको चढली, त्याने पोतं आत ढकललं, आणि मग वळून माझ्याजवळ आला.

"डाग देवक माका येयना," तो हळू म्हणाला. "गोदीत कोणी शिकयल्यान नाय. तू इलंस आणि पयल्याच दिवसापासून तुका येय होता. तुझ्याकडसून शिकूक माका लाज वाटली."

मी ऐकून घेतलं. त्याला माझ्याकडून एखादा शब्द हवा होता. मला मातीत पसरलेले पाने दिसत होते आणि वडिलांची रिकामी कंबर.

"गाडी सुटता तुमची," मी म्हटलं.

तो चढला. गाडी वळून चढाला लागेपर्यंत मी उभा राहिलो, मग दुकानात गेलो. दारात एक लॉरी सकाळपासून खोळंबली होती. तिच्या दिव्याची वायर कुठेतरी तुटली होती. मी अंगातला सदरा काढला आणि कामाला लागलो.